उघड्या पंखांचा फोटो

६ जुलै २०२५, रविवार

ही वही फक्त माझ्यासाठी आहे. बेबी वाचणार नाही, तिला माझं अक्षर लागत नाही.

सकाळी बेबीच्या माहेरच्या ग्रुपवर आमचे साडभाऊ चंद्रशेखर यांनी एक फोटो टाकला. गवताच्या पात्यावर पिवळं फुलपाखरू. बस. वाघ नाही, मोर नाही. त्याचं इंग्रजी नावच कॉमन ग्रास यलो, म्हणजे नावातच कॉमन. तरी एकेचाळीस अंगठे आणि एक लाल बदाम. बदाम बेबीचा आहे.

मार्चमध्ये मी रिटायर झालो, त्या हारातल्या फोटोला तिने अंगठा दिला होता.

वास्तविक मोठा जावई मी. चंद्रशेखर धाकटा, बेबीच्या बहिणीचा, प्रतिमाचा नवरा. तो रेल्वेत होता, म्हणजे आयुष्यभर पासावर फिरला. मी चौतीस वर्षं फॅक्टरीत इन्स्पेक्शनला. केसाएवढा ओरखडा दिसला की माल परत. नजर कोणाची तयार आहे हे सांगायला नको. ठरलं. या हंगामात हेच फुलपाखरू, आणि त्याच्यापेक्षा चांगलं.

९ जुलै

गौरांगने पुण्याहून त्याचा जुना कॅमेरा कुरियर केला. सोबत चिठ्ठी, बाबा लेन्सला बोट लावू नका. लेन्सला बोट लागलं. पुसलं.

उद्यापासून रोज पहाटे पाचला उठणे. निरीक्षणाचं वेगळं रजिस्टर: वेळ, तापमान, वारा, संख्या.

१० जुलै, सकाळी ८.२०

उठलो. ऊन आल्याशिवाय फुलपाखरं उडतच नाहीत, असं वाचलं. पाचला उठणं हे अज्ञान आहे.

१३ जुलै

आमच्या विजय नगरच्या घराशेजारी रिकामा प्लॉट आहे. सगळा तरोटा माजलेला, पुण्याकडे टाकळा म्हणतात तो. तिथे पिवळी दिसली. एकशे बारा फोटो काढले. पानं बरीच आली, आभाळ आलं, एकात माझी चप्पल. एका फोटोत पिवळा पट्टा आहे. बेबीने विचारलं, हा हळदीचा डाग आहे का. मी सांगितलं, याला मोशन म्हणतात.

२० जुलै

चंद्रशेखर आणि प्रतिमा जेवायला आले. हात धुवायच्या आधी साहेब प्लॉटमध्ये. गुडघ्यावर बसला. त्याचे गुडघे चांगले आहेत, रेल्वेत काम काय असतं? दोन मिनिटांत तरोट्याच्या पानावर अंडं शोधलं. तांदळाच्या कणीहून बारीक, उभं. म्हणाला, हे पिवळं तरोट्यावरच अंडी घालतं, भाऊ, तुमच्याकडे तर खजिना आहे. बेबी त्याच्या बाजूला बसून बघत होती. तिचेही गुडघे दुखतात, असं मला आजवर सांगण्यात आलं होतं.

सकाळीच तिने भाजीसाठी टोपलीभर तरोटा खुडला होता. तो तिने एकेक पान उलटून पाहिला आणि यंदा तरोट्याची भाजी बंद म्हणून जाहीर केलं. माझी आवडीची भाजी, माझ्याच घरात, त्याच्या एका वाक्यावर बंद.

दुपारी वरण-भात खाल्ला.

२ ऑगस्ट

बाबारावांनी मंडळाच्या ग्रुपवर सूचना टाकली. बाबाराव म्हणजे आमच्या महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी. ५ ऑक्टोबरला दसरा मिलन. त्यात फोटोंचं प्रदर्शन, विषय ‘एकच फुलपाखरू, पूर्ण हंगाम’. कॉलेजात झूलॉजी शिकवणारी विनता परीक्षक. पहिला येणारा फोटो स्मरणिकेच्या कव्हरवर, नावासकट. सोबत निरीक्षणाचं रजिस्टर जोडायचं आहे.

चंद्रशेखरचं रजिस्टर सव्वीस पानं झालं म्हणे. हे त्यानेच सांगितलं, मी विचारल्यावर.

माझं आज रात्री पूर्ण केलं. मागच्या तारखा आठवून आणि थोडा विचार करून भरल्या. ३, ४, ३, ५, ४. एकसारखं वाटू नये म्हणून एका दिवशी ११.

८ ऑगस्ट

मोठी गोष्ट लक्षात आली. ग्रुपवरचे सगळे फोटो पाहिले, चंद्रशेखरचे तर सगळेच, दोनदा. प्रत्येकात पंख मिटलेले. एकानेही उघड्या पंखांचा फोटो काढलेला नाही! उडताना वरची बाजू दिसते, पिवळ्याला काळी किनार, फार देखणी. मग बसल्यावर कोणी टिपली नाही ती का? कारण धीर नाही. माणसं घाईची झाली आहेत.

तो फोटो मी काढणार. कोणाला बोललो नाही. बेबीलाही नाही, ती प्रतिमाला सांगते.

१७ ऑगस्ट

मझौलीला गेलो. फॅक्टरीतल्या जुन्या दोस्ताचं शेत आहे. बांधावर पाच तास. फुलपाखरू येतं, बसतं, मिटतं. उडतं, दुसरीकडे बसतं, मिटतं. एकदा नक्की उघडणार असं वाटलं, तेवढ्यात मला शिंक आली. पाठीत उसण भरली. परतीच्या बसमध्ये उभं राहावं लागलं.

मझौलीची फुलपाखरं लाजाळू दिसतात.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

गोरखपुरला, म्हणजे आमच्याच शहरातल्या गोरखपुर मोहल्ल्यात, चंद्रशेखरकडे जेवण. आरती होते न होते तोच अल्बम निघाला. अंडं, हिरवी अळी, कोष, कोषातून निघणारं ओलं फुलपाखरू. बेबीने वीस मिनिटं पाहिला. मोदक गार झाले. मी एवढंच म्हटलं की अळी जरा डाव्या बाजूला गेली आहे फ्रेममध्ये. चंद्रशेखर म्हणाला, खरंय भाऊ, तुमची नजर इन्स्पेक्शनची. त्याने ते मनापासून म्हटलं. त्यामुळे मला आणखी राग आला.

स्कूटरवर परत येताना बेबी म्हणाली, चंद्रशेखरराव तीन-तीन तास नुसते बसून राहतात म्हणे, तुम्ही काहून नाही बसत तसे. मी म्हटलं, बसतोच की. ती म्हणाली, “बसता, पण रागात बसता.”

तिला फोटोग्राफीतलं काही कळत नाही.

७ सप्टेंबर

ओल्या मातीवर नर जमतात, मिठासाठी. म्हणून प्लॉटमध्ये मिठाचं पाणी ओतलं. नऊ जण आले. मी खाली बसलो तसे आठ उडाले. नवव्याने बसल्या बसल्या पंख मिटले ते मिटलेच. अर्धा तास त्याच्याकडे पाहिलं. घरी येऊन पाहतो तर कॅमेऱ्यात कार्ड नव्हतं.

कार्ड असतं तरी पंख मिटलेलेच होते.

२१ सप्टेंबर

आठवणीची सूचना आली. फोटो १ ऑक्टोबरपर्यंत. चंद्रशेखर मंडळाच्या ग्रुपवर आपला फोटो टाकून मोकळाही झाला. पिवळ्यांची जोडी, दवात, एकाच पात्यावर. त्रेसष्ट बदाम. विनताने लिहिलं, क्या बात है अंकल. बाबारावांनी लिहिलं, कव्हर मिळालं समजा.

स्पर्धा संपायच्या आधी सेक्रेटरीने असं लिहिणं योग्य आहे का?

फोटो नीट पाहिला. डावीकडची मिशी किंचित अंधुक आहे. खात्री करण्यासाठी अकरा वेळा पाहिला. मोठा करून पाहिला, उलटा धरून पाहिला. छातीत जळजळ. बेबीने विचारलं, ॲसिडिटी का. हो म्हटलं.

माझ्याकडे आतापर्यंत दोन हजार तीनशे फोटो आहेत. आकड्यात मी पुढे आहे.

२६ सप्टेंबर, सकाळी ७

प्लॉटमध्ये गवतावर एक पिवळं सापडलं. हलत नव्हतं. थकलेलं वाटलं, वय झालं असावं. बाहेर पक्षी आहेत, सरडे आहेत. संरक्षण म्हणून घरात आणलं. बेबीच्या लहान स्टीलच्या डब्यात ठेवलं, डबा फ्रिजमध्ये. गारव्याने त्यांना आराम मिळतो. परदेशातले मोठे फोटोग्राफर असंच करतात, नेटवर आहे.

२७ सप्टेंबर

आराम जरा जास्त झाला. वयोमान. नैसर्गिक आहे.

डबा दह्याशेजारी बेबीला सापडला. तिने झाकण उघडलं आणि तसंच लावलं. हे काय म्हणून विचारलं. मेलेलंच सापडलं, असं सांगितलं. तिने दही बाहेर काढून वेगळं ठेवलं.

चिमट्याने पंख हळूच उघडले. तरोट्याच्या फुलावर बसवलं, खाली डिंकाचे दोन थेंब. दहा वाजताचं ऊन. काळी किनार अशी आली आहे की बोलायची सोय नाही. हंगामातला माझा पहिला शार्प फोटो. ते हललं नाही, हा त्याचा मोठा गुण.

यात काही गैर नाही. बक्षीस फोटोला आहे, फुलपाखराच्या तब्येतीला नाही.

१ ऑक्टोबर

फोटो पाठवला. नाव दिलं: ‘पहिल्यांदाच’. विनताचं उत्तर दोन मिनिटांत आलं, अंकल ये कहाँ मिला? पुढे हसरा चेहरा नाही, बदाम नाही. अवाक झाली असणार. लिहिलं, धीर धरला की मिळतं बेटा.

चंद्रशेखरने निळे टिक येऊनही काही लिहिलं नाही. आज पहिल्यांदा तो गप्प आहे. रात्री भाकरी एक जास्त खाल्ली.

५ ऑक्टोबर, रविवार, दुपारी ४

जेवलो नाही. लिहितो.

मंडळाचा हॉल भरला होता. माझा फोटो चंद्रशेखरच्या जोडीच्या शेजारीच लावलेला. लोक माझ्यासमोर थांबत होते, चष्मे सारखे करत होते. बाबारावांनी पाठ थोपटली, वा, हे वेगळंच आहे म्हणाले. बेबी लांब, समोशांच्या टेबलापाशी प्रतिमासोबत. मी नवा कुर्ता घातला होता.

मग विनताने माइक घेतला. एकेका फोटोबद्दल बोलत आली. चंद्रशेखरच्या फोटोपाशी म्हणाली, हे फुलपाखरू बसलं की पंख मिटूनच बसतं, जिवंतपणी असं सपाट उघडून कधी बसत नाही, म्हणून वरची बाजू फक्त उडतानाच दिसते. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पोरगी सभ्य आहे. पण बाबाराव सभ्य नाहीत, भोळे आहेत. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, मग हे रत्नाकररावांचं कसं काय बसलं?

शंभर माणसं. पंख्याचा आवाज येत होता. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचा माल टेबलावर उलटा करून खोट दाखवली, तेव्हा समोरचा असाच उभा राहायचा.

तेवढ्यात मागून चंद्रशेखर बोलला.

“ते मेलेलं होतं. आमच्याकडे गोरखपुरात गवतात पडलेलं मले सापडलं. वरची बाजू लोकायले दिसली पाह्यजे म्हणून मीच भाऊंना दिलं. खाली लिहायचं राहून गेलं, चूक माझी हाये.”

सगळ्यांनी अच्छा अच्छा केलं. विनताने तिथल्या तिथे एक चिठ्ठी लिहून माझ्या फोटोखाली चिकटवली: मृत नमुना. सौजन्य, चंद्रशेखर.

कव्हर त्यालाच मिळालं. ते मिळणारच होतं. पण आता माझ्या फोटोखालीही त्याचंच नाव आहे.

६ ऑक्टोबर

रात्रभर एकच विचार. त्याच्या जागी मी असतो तर? मी गप्प बसलो नसतो. खाकरलो असतो, पुढे आलो असतो, डिंक कुठे दिसतो तेही बोट ठेवून दाखवलं असतं. लोकांनी माझी नजर वाखाणली असती. त्याला हे सुचलंच नाही, आणि जे सुचलं ते मला सात जन्मात सुचलं नसतं. त्याच्या गुडघ्यांचा, कॅमेऱ्याचा, बदामांचा मला हेवा वाटला होता. तो आता काहीच वाटत नाही, इतका हा नवा हेवा मोठा आहे.

सकाळी चहा ठेवताना बेबीने विचारलं, “तुम्ही आणलं तेव्हा जितं होतं ना ते?”

मी नाही म्हटलं. मग चहा गार झाला. मग हो म्हटलं.

इथेही खोटं लिहिलं आहे, २६ तारखेला. ते थकलेलं नव्हतं. सकाळची वेळ, अंगावर दव, ऊन यायचं होतं म्हणून बसलेलं होतं. डब्यात घातल्यावर फडफडलं. झाकणाला आतून आवाज येत होता. मी दार लावलं आणि फ्रिज एक नंबरने वाढवला.

बेबी रडली नाही, रागावली नाही. डबा धुतलेला होता, तो तिने पुन्हा घासला. मग पुसला. मग भंगारवाल्याच्या पोत्यात टाकला. स्टीलचा चांगला डबा, तिच्या आईने नाव घालून दिलेला. आमच्या घरात स्टीलचं भांडं आजवर कोणी टाकलेलं नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आठवडाभर कॅमेरा कपाटात.

सकाळी चंद्रशेखर आला. खिडकीतून दिसला तसा मी बाथरूममध्ये गेलो आणि बेबीला सांगितलं, घरी नाहीत म्हण. ती दारात जाऊन म्हणाली, घरीच आहेत, बसा.

दहा मिनिटांनी बाहेर यावंच लागलं. चला भाऊ म्हणाला, तुमच्या तरोट्यावर अळ्या हायेत, दोन तर दारातूनच दिसल्या. प्लॉटमध्ये गेलो. खाली बसताना त्याने माझा कोपर धरला. अळी हिरवीगार, पानाच्या शिरेवर, मला तीनदा दाखवल्यावर दिसली. पान कडेने खात होती. आम्ही तासभर पाहत बसलो. पिवळी येत होती, बसत होती, मिटत होती.

आज त्याला थँक्यू म्हणायचं हे मी बाथरूममध्येच ठरवलं होतं. वाक्यही तयार होतं. तो उठायला लागला तेव्हा मी म्हटलं, तुझ्या कॅमेऱ्याचा पट्टा फार मळला आहे.

तो म्हणाला, हो भाऊ, बदलायले पाह्यजे.