कपाटामागची भिंत

४ जानेवारी

चि. बाळीस,
अ. उ. आ.

कॉन्व्हेंटात तपासणी असली की सकाळी मदर आपल्याला पार्लरमधल्या, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीतल्या, कुंड्या वाहायला लावायच्या, आठवतं? भिंतीवर जिथे ओल, तिथे एक कुंडी. तुझ्या वाट्याची कुंडी तुझ्याहून उंच होती. समोरचं काही दिसेना, तशी तू थेट सिस्टरांवर जाऊन आदळलीस आणि सगळी माती त्यांच्या बुटांत. शिक्षा झाली ती मला, कारण हसले मी.

हे आज आठवायचं कारण हसण्यासारखं नाही. माझ्या शाळेतल्या मोठ्या वर्गाच्या मागच्या भिंतीला चीर आहे. आजची नव्हे, अकरा वर्षांची. पहिल्यांदा दिसली तेव्हा केसाएवढी होती आणि दुसऱ्या दिवशी तपासणी होती. मी लाकडी कपाट सरकवून तिच्यापुढे उभं केलं. तपासनीस बाहेरूनच बघून गेले, आणि तक्त्यात 'इमारत' या रकान्यात मी 'उत्तम' लिहिलं. तेव्हापासून दरवर्षी तेच लिहिते आहे. 'धोकादायक' लिहिलं की शाळा बंद करून मुलं मोठ्या गावच्या शाळेत पाठवायची, असा नियम. ते गाव नऊ किलोमीटर लांब, आणि वाटेवर खाणीचे ट्रक. मुलगे जातील. मुली घरी बसतील, हे मी शेजारच्या वस्तीत डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या वर्षापासून खाणीचे ट्रक शाळेवरूनही जाऊ लागले. आता चीर कपाटाच्या वर आली आहे. मी तिच्यावर नकाशा टांगला. काल नकाशामागे पेन्सिल घातली, ती अर्धी आत गेली.

तू शिक्षण खात्याच्या ऑफिसात टाइप करतेस. दुरुस्तीसाठी काही निधी असतो का, आणि 'धोकादायक' हा शब्द न लिहिता तो मिळतो का, एवढं बघून कळव. कुणापाशी बोलू नकोस. तुझ्या ह्यांनाही नको.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
ताई


११ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुटीत वाचलं आणि डबा तसाच घरी आणला. ह्यांनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, भाजी खारट झाली होती. स्वयंपाक त्यांनीच केलेला, त्यामुळे घरात दोन दिवस अबोला आहे. तुझ्या गुपितापायी संसार मोडायची वेळ आली बघ.

आता खरं ते सांगते. निधी असतो, दरवर्षी असतो. पण तो यादीप्रमाणे जातो आणि यादी तपासणीच्या तक्त्यांवरून होते. ती यादी मीच टाइप करते, ताई. ज्या शाळा 'गळते', 'तडा गेला', 'दार नाही' असं लिहितात, त्या वर. तुझी शाळा अकरा वर्षं सगळ्यांत खाली, 'गरज नाही' या मथळ्याखाली. आणि मी वेडी दरवेळी तिथे पोचले की खूश व्हायचे, की आमच्या ताईची शाळा बघा कशी आहे! तुझ्या पुढच्या गावाला याच काळात दोन नव्या खोल्या मिळाल्या. आमचे साहेब म्हणतातच की न रडणाऱ्या पोराला दूध कोण पाजणार.

नियम मात्र तू म्हणतेस तसाच आहे. भिंतीला तडा म्हटलं की इंजिनियर येणार, आणि इंजिनियर आला की कुलूप. मधला रस्ता मी तीन फायली चाळून शोधला. नाही.

माझं एक ऐक. मुलांना त्या खोलीतून आजच बाहेर काढ. झाडाखाली बसव, तुझ्या घरात बसव, कुठेही. मी इथे कुठल्याही शाळेच्या नावाचा लिफाफा फोडताना आधी डोळे मिटते.

घाबरलेली, पण तुझीच,
बाळी


२० जानेवारी

चि. बाळीस,
अ. उ. आ.

इथल्या गवंड्याला विश्वासात घेतलं. त्याची मुलगी माझ्याकडे चौथीत आहे. त्यानं चिरेवर खळ लावून कागदाची पट्टी आडवी चिकटवली, वर तारीख घातली आणि म्हणाला की पट्टी अख्खी राहिली तर भिंत झोपलीय, फाटली तर जागी आहे. सोमवारी चिकटवलेली पट्टी गुरुवारी मधोमध फाटलेली होती. दुसरी लावली, ती दोन दिवस टिकली. तिसरी संध्याकाळपर्यंतही राहिली नाही.

मुलांना मी पहिली पट्टी फाटली त्याच दिवशी व्हरांड्यात आणलं. पण व्हरांड्याचं छप्परही त्याच भिंतीवर टेकलंय, हे गवंड्यानं सांगेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. आता कुंपणापाशी बसतो. ट्रक आला की मी शिकवायची थांबते. मुलांना वाटतं, बाई धुळीमुळे थांबल्या. पाढे म्हणताना मध्येच गप्प राहायची त्यांनाही सवय लागलीय. ट्रक गेला की ती आपली आपण पुढचा आकडा म्हणतात.

पालकांना बोलावून सगळं सांगितलं. वाटलं, चिडतील. चिडले नाहीत, तेच जास्त भयंकर. सगळ्यांनी खाली बघितलं. एकाच्या आईनं विचारलं की बाई, तुम्ही रोज तिथेच उभ्या राहत होता ना? म्हटलं, हो. एक ट्रकवाला बाप म्हणाला की भिंत पडेल तेव्हा पडेल, तुम्ही कळवलंत तर शाळा आजच पडेल. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

भिंतीबद्दल खात्याला अर्ज लिहून ठेवलाय. पाकिटात घातला की पुन्हा बाहेर काढते. अकरा वेळा खोटं लिहून लगेच टपालात टाकलं, खरं टाकवत नाही.

तुझी,
ताई


२४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

येत्या सोमवारच्या टपालात तुझा अर्ज आला नाही, तर मंगळवारी मी तो स्वतः टाइप करून साहेबांपुढे ठेवणार. मग तू माझ्याशी जन्मभर बोलू नकोस. अबोला धरायची सवय मला ह्यांच्यामुळे आहेच.

तुझी पेन्शन अडकेल, चौकशी होईल, कुणी तुला पेपरात खोटारडी म्हणेल, हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे येतं. पण त्याहून आधी तो ट्रक येतो. कुंपणापाशी बसलेली मुलं पाणी प्यायला, चेंडू आणायला आत धावत नसतील, असं तू छातीवर हात ठेवून सांगशील?

रागावलीस तरी पत्र पाठव.
तुझी,
बाळी


२९ जानेवारी

चि. बाळीस,
अ. उ. आ.

रागावले नाही. तुझं पत्र पोचायच्या आधीच अर्ज टाकला होता. अकरा वर्षं, अकरा तक्ते, प्रत्येकाची तारीख, आणि खाली माझी सही. तुझ्या हातून ते व्हायला नको होतं.

इंजिनियर काल आला. खोलीत पाऊलही न टाकता दारातूनच मागे फिरला आणि शाळेला कुलूप लावून गेला. मुलांना मोठ्या गावच्या शाळेत घालायचा हुकूम आहे, नावं एकतीस तारखेपर्यंत द्यायची. तिथले कारकून म्हणतात की दाखल्याशिवाय एकाचंही नाव लिहिणार नाही. दाखले जन्मतारखांच्या रजिस्टरवरून लिहायचे, आणि ते रजिस्टर त्या कपाटात आहे. मुलांच्या घरी विचारावं म्हणशील, तर अर्ध्यांच्या आयांना साल आठवतं, महिना नाही. कपाट हलवायचं नाही असं इंजिनियरनं बजावलंय. आता भिंतीचा भार त्या कपाटावर आहे. पाडकाम तीन महिन्यांनी. तू साहेबांकडे मुदत मागून पाहिलीस आणि ते नाही म्हणाले, हे इंजिनियरबरोबर पाठवलेल्या तुझ्या चिठ्ठीवरून कळलं.

उद्या रविवार, खाण बंद, ट्रक नाहीत. गवंडी कपाटाला दोन्ही बाजूंनी टेकू लावणार आहे. खिडकीतून तो आधी जाईल, टेकू लावून बाहेर येईल. मग मी. तो म्हणाला की बाई, रजिस्टर मीच काढतो. मी नाही म्हटलं. खालचा कप्पा अडकतो, तो उचलून ओढावा लागतो, हे हाताला ठाऊक असावं लागतं. त्याला चार पोरं आहेत. आणि कपाट तिथे मी ठेवलंय.

मला भीती वाटते, बाळी. लहान असताना तू माझ्या पांघरुणात शिरायचीस आणि मी मोठ्यासारखी समजूत घालायचे. आज ते कुणीतरी माझ्यासाठी करावंसं वाटतं. तरी हे पत्र टपालानंच टाकते, म्हणजे उद्याचं होऊन गेल्यावरच तुला मिळेल आणि तू धावत येणार नाहीस.

माझं काही बरंवाईट झालं तर लिहून ठेवलेलं बरं, म्हणून ठेवते. एक्केचाळीस कोरे दाखले सह्या करून माझ्या टेबलावर आहेत. रजिस्टर गवंड्याच्या हाती आलं की तो ते आणि दाखले तुझ्याकडे आणेल. तुझं अक्षर स्वच्छ आहे, भर तू. पृथ्वीचा गोल आणि नकाशे मोठ्या गावच्या शाळेला. शिवणयंत्र शेजारच्या शिंपीणबाईंना, त्या कायम दुसऱ्याच्या यंत्रावर शिवतात. सायकल गवंड्याच्या मुलीला, नऊ किलोमीटर आहेत. आईची शाल तुला. माझ्याकडच्या अकरा तक्त्यांच्या प्रती साहेबांना, त्यांनी पुढे तक्ते भरणाऱ्या बाईंना दाखवाव्यात.

मुलांचे दाखले वडिलांकडे दे. मुलींचे मात्र आयांच्या हातात, एकेकीच्या घरी जाऊन. वडिलांच्या हाती गेले, तर ते नीट घडी करून पेटीत ठेवतील आणि मुली घरीच राहतील.

तुझा लोभ मला कधी कमी पडला नाही, तसाच या मुलींवरही कर.
तुझी,
ताई