सेट बंद असताना

प्रिय खटपट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून तू आधी बाबा गेले असंच समजशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, आहेत. जेवतात, चिडतात, माझ्या चहाला नावं ठेवतात. पण डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलंय की आता महिने मोजू नका, आठवडे मोजा. त्यांना तू हवा आहेस. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनी मला तुला पत्र लिहायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मी 'टाकलं' असं सांगून मोकळी झाले. टाकलं नव्हतं. लिहिलंच नव्हतं. तेव्हापासून रोज पोस्टमन येऊन गेला की ते माझ्या तोंडाकडे बघतात आणि मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते. का, ते सांगते. फक्त एक कर, सवयीप्रमाणे आधी शेवटचं पान वाचू नकोस.

बाबांनी मागच्या वर्षी एक किट मागवलं. माझ्या शिलाईच्या टेबलाएवढं लांब खोकं दारात आलं तेव्हा मला वाटलं चुकून कोणाचं तरी आलं. झाकणावरचं चित्र बघितलं आणि मी खोकं तिथेच खाली ठेवलं. रिमोटवर उडवायचं तेच विमान रे. जुन्या काळातलं दुपंखी, खालीवर दोन पंख, मधे तारा, एकामागे एक दोन उघड्या बैठका. तुम्ही दोघांनी दोन वर्षं खपून केलं होतं तेच, त्याच मापाचं. कंपनी अजून ते काढते म्हणे. चाळीस वर्षं दुनियेच्या चष्म्यांच्या काचा घासणाऱ्या आपल्या बाबांना आता स्वतःला ताटातली चटणी आणि लोणचं वेगळं दिसत नाही, हात तर असे थरथरतात की बशीत अर्धा चहा सांडतो. मी विचारलं, हे करणार कोण? ते म्हणाले, "डोळे आणि हात तुझे, डोकं माझं. उडवायला तो येईल." काढली मी त्यांची खोड काढायची तेवढी, पण संध्याकाळी टेबलावर नकाशा पसरला आणि त्यावर प्लास्टिकचा पातळ कागद ताणून टाचण्या मारल्या.

तुला हसू येईल, पण मला जमलं. पंखाच्या फासळ्या म्हणजे बाल्सा लाकडाच्या काटकुळ्या पट्ट्या, श्वास जोरात सोडला तर उडतील अशा. बाबा खुर्चीत बसून प्रत्येक फासळी बोटांनी चाचपायचे आणि अर्धा मिलिमीटर फरक असला तर परत द्यायचे. ब्लाउजच्या गिऱ्हाइकांनीसुद्धा मला इतकं छळलेलं नाही. कापड चढवायची वेळ आली तेव्हा मात्र मीच उस्ताद होते. खऱ्या विमानांना कापड फासळ्यांवर शिवलेलं असायचं, ते बाबांना तसंच हवं होतं. चारही पंखांना मिळून अकराशेच्या वर टाके घातले मी. दुपारी मशीन बंद करून मी टाके घालत बसायचे, ते आईच्या नि तुझ्या गोष्टी सांगायचे. खरं सांगू, इतकं सुखाचं वर्ष या घरात फार दिवसांनी आलं होतं.

मग सर्वो बसवायची पाळी आली. काडेपेटीएवढ्या त्या मोटरी, हातातल्या रिमोटवरची, म्हणजे सेटवरची, दांडी हलवली की शेपटीचं सुकाणू हलवणाऱ्या. बाबांनी नवीन काही घेतलं नाही. माळ्यावरून त्यांचा जुना सेट काढला, लांब एरियलवाला, त्याच्याबरोबरचेच सर्वो आणि सेटचा इशारा पकडणारा रिसीव्हर साफसूफ करून विमानात घातले. त्याचा जोडीचा सेट तू जाताना घेऊन गेलास. एकाच दुकानातून, एकाच चॅनेलचे घेतले होते दोन्ही, एकाचे भाग दुसऱ्याला चालतील म्हणून. त्यामुळे मैदानावर आपल्या घराला मिळून एकच चिमटा. तो खांबाला टांगलेला फळा तुला आठवत असेलच, प्रत्येक चॅनेलचा आकडा लिहिलेले कपड्यांचे चिमटे त्यावर लावलेले. ज्याच्या एरियलवर चिमटा, त्यानेच सेट लावायचा. दुसऱ्याने बटणाला बोट लावलं तर हवेतल्या विमानाला दोन धनी होतात. बाबा हे इतक्यांदा बजावायचे की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

पहिली हालचाल झाली तेव्हा दुपारचे चार वाजून गेले होते, हे नक्की आठवतं, कारण मी बाबांना चारची गोळी देत होते. विमान टेबलावर होतं, बॅटरी नुकतीच जोडली होती. सेट कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. आणि किर्र असा बारीक आवाज करून सुकाणू पूर्ण उजवीकडे वळलं. जरा थांबलं आणि सरळ झालं. बाबांना दिसलं नाही, पण त्यांनी ऐकलं. "सेट कुठाय?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कपाटात. ते हात पुढे करून शेपटीवर ठेवून बसले.

दुसऱ्या दिवशी मी रेडिओवाल्या काकांना बोलावलं. ते अजून आहेत, दुकान गेलं पण तोरा गेलेला नाही. त्यांनी रिसीव्हर उघडला, चॅनेल ठरवणारा क्रिस्टल नवा घातला, कोणाच्या तरी खेळण्यातल्या गाडीचा सिग्नल असेल म्हणाले आणि दोन कप चहा पिऊन गेले. आठवडाभर काही नाही. मग पुन्हा तीच वेळ, पुन्हा किर्र. या वेळी उजवीकडे, सरळ, आणि पुन्हा उजवीकडे. मी टेबलापासून मागे सरले. बाबा मात्र हसले. आई गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "आलाय तो. इथेच कुठेतरी गाडीत बसलाय नि तपासतोय. वर यायला लाजतोय. जा, बघ."

गेले मी. नुसती गेले नाही, आपल्या गल्लीतल्या प्रत्येक उभ्या गाडीत वाकून पाहिलं. इस्त्रीवाल्याला विचारलं, समोरच्या गच्चीवर चढले, शाळेच्या मागच्या भिंतीपर्यंत जाऊन आले. लोकांना वाटलं असेल बाईचं मांजर हरवलंय. कोणी नव्हतं. तू समुद्रापलीकडे, त्या सेटचा पल्ला जेमतेम एक किलोमीटर, हे मला कळतं. पण वर येऊन बाबांचा चेहरा पाहिल्यावर मी एवढंच म्हटलं की दिसला नाही, गेला असेल.

नंतर मी शहाणपणा केला. बाबा झोपलेले असताना बॅटरी काढली आणि माझ्या बटणांच्या डब्यात ठेवली. सेटमधले सेलही काढले. दोन दिवस गेले. परवा दुपारी मी वरच्या पंखाच्या कडेला शेवटची पट्टी चिकटवत होते, विमान माझ्या मांडीला टेकलेलं. आधी मला ते कापडात जाणवलं. टाक्यांखालून बारीकशी थरथर गेली आणि मग किर्र. उजवीकडे. पुन्हा उजवीकडे. मग डावीकडे. माझ्यासमोर बटणांचा डबा उघडा होता आणि बॅटरी त्यात पडलेली मला दिसत होती. मी ओरडलेसुद्धा नाही. कारण खरं सांगायचं तर डावीकडे वळणार हे मला आधीच माहीत होतं. पहिल्या दिवशीच शंका आली होती, दुसऱ्या वेळी खात्री झाली. चौथी हालचाल कोणती, तेही मला माहीत आहे. ती अजून झालेली नाही.

तुला तो दिवस आठवायला नको असेल, पण आठव. चिमटा तुझ्या एरियलवर होता. बाबा तुझ्या खांद्याशी उभे होते, आई दोरीपलीकडे थर्मासमधून चहा ओतत होती. विमान छान चाललं होतं आणि एकदम वेड्यासारखं वळलं, पुन्हा वळलं, उलटं फिरलं आणि नाक खाली घालून सरळ आईवर आलं. दवाखान्यातल्या बाकावर बाबा तुला जे बोलले ते मी शेजारी बसून ऐकलं. रिसीव्हरची तार तू सोल्डर केली होतीस, सांधा कच्चा राहिला असणार, आईचा डोळा तुझ्या आळसाने गेला, पुन्हा या हातांनी माझ्या घरातल्या कशाला शिवू नकोस. तू खाली मान घालून म्हणालास, हो बाबा, सांधा कच्चाच राहिला असेल. महिन्याभरात तू गेलास. आईला बाबांनी स्वतः चष्मा करून दिला, एक काच नंबरची आणि एक काळी. जाईपर्यंत नऊ वर्षं ती तो घालून दाराकडे तोंड करून बसायची. मी तो पुसून द्यायचे, रोज सकाळी.

लोक मला काय काय म्हणतात तुला ठाऊक नसेल. अशी मुलगी सात जन्मांत मिळायची नाही, स्वतःचा संसार केला नाही पण आईबापाचं केलं. मी मान खाली घालते, त्यांना तो विनय वाटतो.

काल बाबांनी मला जवळ बसवून घेतलं. विमान आता पुरं झालंय, फक्त तारा ताणायच्या राहिल्यात. ते म्हणाले की तो आला की मैदानावर जायचं, सेट त्याच्या हातात द्यायचा आणि सगळ्यांसमोर म्हणायचं, मी तुला माफ केलं. बावीस वर्षं हा शब्द तोंडात धरून बसलोय, तो दिल्याशिवाय मला जायचं नाही. आणि मग लहान मुलासारखं विचारलं, "घेईल ना गं तो?"

मी उठून मोरीत गेले आणि नळ सोडून रडले. कारण तू घेशील. तू तसाच आहेस. तुला अजूनही वाटत असणार की सांधा कच्चा होता.

सांधा पक्का होता, खटपट्या. म्हणून हे पत्र. त्या दिवशी बाबांचा सेट झाडाखाली माझ्याजवळ पेटीत होता. दोन वर्षं मी तुमच्यासाठी कापड शिवलं, डिंकाने माखलेल्या चादरी धुतल्या, आणि एकदाही मला कोणी दांडी हातात दिली नाही. विमान माझ्या डोक्यावरून चाललं होतं. नियम पाठ होता, चिमटा कोणाकडे आहे तेही दिसत होतं, तरी मी एरियल ओढलं आणि बटण लावलं. फक्त बघायचं होतं, माझं ऐकतं का. दांडी उजवीकडे केली, ते उजवीकडे वळलं. पुन्हा केली, पुन्हा वळलं. डावीकडे केली. काय आनंद झाला होता म्हणून सांगू. मग दुसरी दांडी पुढे लोटली. ती पुढे लोटली की नाक खाली जातं, हे मला माहीत नव्हतं. आईची किंकाळी ऐकली तेव्हा बटण बंद करून सेट पेटीत ठेवला, वर टॉवेल टाकला आणि सगळ्यांच्या आधी मी तिच्यापाशी पोचले. हे आईलाही सांगितलं नाही. जिने तुला घालवलं, तीच तुझी वाट बघणाऱ्या आईचा चष्मा पुसत राहिली. आता सकाळचे अकरा वाजलेत. पत्र टाकून येते आणि बाबांना सांगते, आजच, चार वाजायच्या आत, ते विमान शेवटची हालचाल करून त्यांच्यासमोर माझं नाव सांगण्याआधी. ते मला काय म्हणतील माहीत नाही, या घरात ठेवतील की नाही तेही माहीत नाही. तू ये. लगेच निघ. माझ्याशी बोलू नकोस, बघूही नकोस, पण त्यांच्यापाशी बस. आणि त्यांच्या जिभेला सवय झालीय, म्हणून चुकून अजूनही ते तुला माफ केलं म्हणाले, तर घेऊ नकोस. ती माफी तुझी नाही.

तुझीच,
ताई