पहिल्या शेजाऱ्याला बोलावणं

सोमवार, २ डिसेंबर २०२४
यान्ना लुबर्स आली, दिव्यांनी सजवलेल्या ट्रॅक्टरांच्या मिरवणुकीची यादी घेऊन. "विलमीन, यंदा डेर्कचा ट्रॅक्टर नसणार ना गं? नाव खोडते." आजाऱ्याशी बोलतात तशा आवाजात! मी म्हटलं, खोडू नकोस. मी चालवणार.

का म्हटलं, देव जाणे. वय सत्तर, ट्रॅक्टरवर शेवटची बसले तेव्हा लग्नही झालं नव्हतं. पण नवऱ्याचं नाव खोडताना बघवेना. त्यातून ही यान्ना चर्चच्या गायकमंडळाची प्रमुख. डेर्क नऊ वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी तिथे गायला जायचा. आणि मार्चमध्ये त्याच्या दफनाला एकानेही सूर लावला नाही! तिला कॉफी दिली. बिस्किट नाही.

गुरुवार, ५ डिसेंबर
ट्रॅक्टर सुरू झाला, माझ्या शिव्यांसकट. पण मागच्या गाडीवरची, डेर्कने बनवलेली दिव्यांची गाय काळीठिक्कर. दोन हजार बल्ब, एक पेटेल तर शपथ.

सोमवार, ९ डिसेंबर
बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच — "अगं, पहिला शेजारी कशाला असतो? वासिंकला बोलाव."

नियम मलाही ठाऊक आहे. सगळ्यात जवळचं घर ते पहिल्या शेजाऱ्याचं. मयताला त्याने आपणहून यायचं. बाकी कशालाही बोलावलं की यायचंच, न बोलावता यायचं नाही. पण बेरेंड वासिंक? २०१३ साली डेर्कने कुंपणापाशी त्याला भोळेपणाने सांगितलं, यंदा फिरत्या पात्यांची पवनचक्की करतोय. मिरवणुकीत पवनचक्की निघाली — वासिंकच्या ट्रॅक्टरवर! पहिलं बक्षीस, हॅमची अख्खी तंगडी. त्या दिवसापासून अबोला. अकरा वर्षं! मार्चमध्ये त्याने शवपेटीला पुढून खांदा दिला, कारण ते पहिल्या शेजाऱ्याचं काम. मी त्याला कॉफी दिली, कारण ते माझं काम. शब्द एक नाही. डेर्कला मान खाली घालायला लावली नाही मी.

शनिवार, १४ डिसेंबर
वायरमन म्हणतो, जानेवारीत बघू. जानेवारीत!

मंगळवार, १७ डिसेंबर
गेले. मागच्या दाराने, रीतीप्रमाणे. वाटेत दोनदा माघारी वळले. वाक्य पाठ केलं होतं — पहिल्या शेजाऱ्याला बोलावणं आहे, दिव्यांसाठी. बेरेंडने टोपी काढली. "मार्चपासून वाट बघतोय," म्हणाला. "न बोलावता कसा येणार?"

मला रडू आलं. रागाचं असावं.

बुधवार, १८ डिसेंबर
आला. शेडची किल्ली कुठे, विचारलंसुद्धा नाही — दाराशी टांगलेल्या जुन्या लाकडी बुटात हात घातला आणि काढली. फ्यूज तिसऱ्या खणात, तेही बरोब्बर. "तुला रे कसं माहीत?" "शेड सगळ्यांची सारखीच असते," म्हणाला. दहा मिनिटांत गाय शेपटीपर्यंत पेटली. मी आभार मानले. तोंडातल्या तोंडात.

शनिवार, २१ डिसेंबर
एक्केचाळीस ट्रॅक्टर, वरून रिमझिम. पुढे बेरेंड, मागे मी, गोगलगायीच्या वेगाने. चर्चच्या वळणावर माझा ट्रॅक्टर बंद! मागची सगळी मिरवणूक ठप्प. बेरेंड उतरून धावत आला आणि गावादेखत ओरडला, "क्लच, विलमीन, क्लच!" अकरा वर्षांत गावाने आमचं पहिलं संभाषण ऐकलं ते हे.

मग निघाली एकदाची. दोन्हीकडून लोक ओरडत होते — "डेर्कची गाय! डेर्कची गाय आली!" नऊ महिन्यांनी माझा नवरा पुन्हा गावातून गेला. खूप रडले. पावसात कुणाला कळलं नाही.

तिसरं बक्षीस. लिव्हरचं सॉसेज. मला अजिबात आवडत नाही.

सोमवार, २३ डिसेंबर
बक्षिसाने अंगात वारं शिरलं होतं. यान्नाला गाठून विचारलंच — दफनाला का गायला नाहीत?

"डेर्कसाठी? अगं, तो आमच्यात कधी होता? एकाही गुरुवारी आला नाही तो. आणि गाता कुठे येत होतं त्याला?"

नऊ वर्षं. दर गुरुवारी. अंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून! कुणाकडे जात होता हा माणूस? जेवण गेलं नाही.

बुधवार, २५ डिसेंबर
बेरेंडला विचारलं. लाकडी बुटातली ती किल्ली राहून राहून आठवत होती.

"माझ्याकडे. पत्ते खेळायला. दोन वर्षं भांडला, मग एक दिवस दार वाजवून म्हणाला, कंटाळा आला रे. नोव्हेंबरात तू बहिणीकडे गेलीस की दोघं मिळून तुमची गाय दुरुस्त करायचो."

"आणि मला सांगायला काय झालं होतं?"

"मी म्हणायचो, सांग. तो म्हणायचा, विलमीन माझ्यासाठी इतकं मनापासून भांडतेय, तिला कोणत्या तोंडाने सांगू?"

म्हणजे नऊ वर्षं भांडत होते ती एकटी मी.

उद्या गुरुवार. बेरेंडला साडेसातला बोलावणं आहे. पत्ते मी पिसणार.