पेंढ्यावरचा सीए

२३ नोव्हें., रवि.
पार्सलला सुट्टी. सकाळी सुरेशकाकांकडे कोयता मागायला गेलो, तर त्यांच्या पेंढ्याच्या उडवीवर मीच. चार वर्षांपूर्वीचा फ्लेक्स. मंडळाच्या खोलीत गुंडाळून पडला होता, अवकाळीच्या भीतीने काकांनी काढून पेंढ्यावर ताणला. 'सी.ए. सुमेध, आमच्या वाडीचा अभिमान.' मागे कुठल्यातरी परदेशातल्या काचेच्या इमारती, फ्लेक्सवाल्याने आपल्या मनाने टाकलेल्या. एका इमारतीवर कोंबडी बसली होती.

काका म्हणाले, "तुझं तोंड आत घेनार होतो रे, बरं दिसत नाय असं. पन छापील बाजूवरनं पानी लवकर घसरतं."

म्हटलं, असू दे.

खरं काय ते निदान या वहीत तरी लिहावं. पास झालो होतो फक्त फाउंडेशन. ती पहिली पायरी, तीही तिसऱ्या खेपेला. मंडळाने थेट 'सी.ए.' छापलं. मी म्हणालो असतो की अजून दोन परीक्षा आणि मधली उमेदवारी बाकी आहे, पण तोवर हार गळ्यात पडला होता. नंतर पुण्याला गेलो पुढचं शिकायला. एकदा परीक्षेला बसलो, नापास. मग क्लासला जातो म्हणून निघायचो आणि स्टेशनवर जी गाडी उभी असेल तिच्यात. हंपी, कसोल, परत गोवा. एका हॉस्टेलात चादरी बदलायचं काम केलं, मजा होती. बी.कॉम.चे दोन विषय राहिले ते राहिलेच.

आता महाड-पोलादपूर पार्सलं वाटतो. वाडीत म्हणतात, पोरगा सीए होऊन पन गर्व नाय बघा, फिरायची आवड म्हणून करतो.

कोयता आणायचा राहिला.

२५ नोव्हें., मंगळ.
आज १९ पार्सलं. त्यात एक जड खोकं, पत्ता आमच्याच कापडे गावचा, नाव अस्मिता. सुरेशकाकांची मुलगी. महाडला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात अकाउंट्स बघते, दोन वर्षं झाली. ती कामावर होती, काकू म्हणाल्या संध्याकाळी ये. संध्याकाळी गेलो. तिने माझ्यासमोरच खोकं फोडलं. फाउंडेशनची पुस्तकं. चारही विषय.

"तू सांगितलंस ना, म्हणून."

मोबाइलवर सही घेतली तिची. बोटाने छान सही करते.

ऑगस्टात सांगितलं होतं मी. वर्षावासाचं वाचन संपलं, विहारात सगळे बसले होते, चहा यायचा होता. काकांनी विचारलं, "सुमेध, आमच्या अस्मिताच्या शेठचा भाऊ मस्कतला हाय, तिकडं अकाउंटला मानूस पायजे म्हनतो. जमंल हिला? तू सीए, तुला ठावं." मला ठावं नव्हतं. पण पंचवीस माणसं माझ्याकडे बघत होती. म्हणालो, "काका, परदेशात फायनान्सच्या कामाला सीएशिवाय दारात उभं करत नाहीत. नुसत्या बी.कॉम.ला कोण विचारतो." असं काहीतरी. जोरात म्हणालो. नंतर चहा आला.

विसरलोही होतो मी ते. खरंच. आज खोकं बघून आठवलं.

२८ नोव्हें., शुक्र.
महाड. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दोन पाकिटं होती. तोच मस्कतवाला भाऊ बसलेला, इलियासभाई. भाचीच्या लग्नाला आलेत. जुम्म्याची नमाज आटोपून नुकतेच आले होते, डोक्यावर टोपी तशीच. अस्मिता कॉम्प्युटरवरून म्हणाली, "भाई, हाच तो सुमेधदादा. मी म्हणाले होते ना, आमच्या वाडीतला सीए."

इलियासभाईंनी माझ्या पाठीवरच्या पिशवीकडे बघितलं. "सीए? मग हे रे काय?"

"तो फिरतो," अस्मिता म्हणाली. कौतुकाने.

"बैठ. चाय घे."

बसलो. अजून सात पार्सलं होती पिशवीत. अस्मिता पाकिटं घेऊन आत गेली, आणि हे म्हणाले, "पोरगी म्हनते तुला घ्या. पन मी सीए शोधत नाय, आधीच सांगतो. सीए आला की वर्षात मोठी कंपनी धरतो. मला रोज बसनारा पायजे."

मी विचारलं, (का विचारलं कोण जाणे, बहुतेक मला ऐकायचंच होतं) "पण तिकडे सीए लागतं ना?"

"कशाला? ऐक. ऑडिटच्या कागदावर सही मारायची तर तिथलं लायसन पायजे. तुझं इथलं सीए हाय म्हनून कोन सही करू देत नाय. मोठ्या कंपनीत फायनान्स मॅनेजर व्हायचं, तर सीए नायतर त्या इंग्लंडवाल्यांचं ते एसीसीए मागतात, ते बरोबर हाय. आमच्यासारख्याच्या ऑफिसात? बिलं चढव, बँक जुळव, व्हॅट भर. बी.कॉम.चं सर्टिफिकेट, त्यावर सरकारी शिक्के, आनि हात बसलेला पायजे. बस."

मग आवाज खाली करून म्हणाले, "खरं म्हंजे मी हिलाच विचारलं होतं. माझी बायको हाय तिकडं, ऑफिसात अजून दोन बायका हैत, राहायची सोय हाय. तर म्हनली, भाई, चौकशी केली, सीएशिवाय होत नाय. कोनाला विचारलं कोन जाने."

चहा गरम होता. तसाच प्यालो.

"तर तू येतोस? डिग्रीचं सर्टिफिकेट आन गुरुवारपर्यंत."

आणतो म्हणालो.

तिने नाही म्हटलं माझ्यामुळे. आणि तिच्या जागेवर माझं नाव तिनेच दिलं. आणि मी आणतो म्हणालो. काय आणतो? माझ्याकडे डिग्रीच नाही. तिच्याकडे आहे. फर्स्ट क्लास.

२९ नोव्हें., शनि.
आज अ.ला सांगायचं ठरवून निघालो. हायवेवर क्रेनने पुलाचा एक मोठा तुकडा उचलत होते, तो बघत उभा राहिलो. दीड तास. मग आंबेनळी घाटात वरपर्यंत गेलो, उगाच. वर थंडी होती. माकडांनी एक पाकीट फाडलं, आत मोबाइलचं कव्हर.

सांगितलं नाही.

१ डिसें., सोम.
नाते गावात एक पार्सल होतं, तिथे पुण्याच्या रूमवरचा सोबती भेटला. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "सर्टिफिकेट करून मिळतं रे. शिक्क्यासकट."

मी लगेच नाही म्हणालो नाही. तिथल्या टपरीवर अख्खी कॉफी संपेपर्यंत विचार केला. मस्कतच्या ऑफिसातली खुर्ची कशी असेल इथवर पोचलो होतो. समुद्र किती लांब असेल तिथून.

मग त्याला म्हणालो नको. पण ती अख्खी कॉफी.

४ डिसें., गुरु.
इलियासभाईंचा फोन, सकाळी दहाला. मी सावित्रीच्या पुलाजवळ. गाडी बाजूला घेतली.

"सर्टिफिकेट?"

"नाही, भाई."

"उद्या?"

"नाहीच. बी.कॉम.चे दोन विषय राहिलेत."

"आनि सीए?"

"ते पण नाही."

फोनमध्ये मागे कोणीतरी ट्रकवाल्याशी वाद घालत होतं. मग म्हणाले, "मग तू हायेस कोन रे?" रागावून नाही, खरंच विचारल्यासारखं.

म्हणालो, "पार्सलवाला." मग पुढचं एका दमात सांगून टाकलं, की अस्मिताने चौकशी केली ती माझ्याकडे, चुकीचं मी सांगितलं, जागा तिची आहे.

ते म्हणाले, "तिचा बाप हो म्हनला तर आनंदाने. मी त्याला फोन करनार नाय. लोकांच्या पोरींबद्दल मी बापाला जोर करनारा नव्हं. बुधवारी माझी फ्लाइट हाय. त्याच्या आधी कागद द्या, नायतर मग मी मुंबईचा एक पोरगा बघितलाय."

फोन ठेवल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं.

५ डिसें., शुक्र.
पोलादपूर स्टँडवर अ. महाडच्या गाडीतून उतरली तिथे गाठली. सांगितलं. उभ्याउभ्याच, एसटीचा धूर तोंडावर.

ती ओरडली असती तर बरं होतं. म्हणाली, "बी.कॉम.ला एवढे मार्क असले की फाउंडेशन लागतच नाही, थेट पुढच्याला बसता येतं. पुस्तकं आली त्याच दिवशी कळलं मला. मला वाटलं, दादा विसरला असेल."

मी गाडीची किल्ली बोटात फिरवत राहिलो.

"आणि तू सीए नाहीस, हे खरंच?"

"नाहीच. कधीच नव्हतो."

मग दुसरीकडे बघत म्हणाली: "बाबांना मला नाही म्हणायचं होतं, पण कारण सापडत नव्हतं. मी जून-जुलै, दोन महिने पटवत होते त्यांना. जवळजवळ हो म्हणाले होते. तू एका वाक्यात कारण दिलंस. वर सीएचं."

"मी काकांशी बोलतो घरी येऊन."

"घरी नको. विहारात बोललास ना तेव्हा, सगळ्यांसमोर? मग तिथेच बोल."

तिची कापड्याची रिक्षा भरली, ती गेली. माझ्याकडे गाडी होती. 'सोडू का' असं विचारलंही नाही मी.

६ डिसें., शनि.
वाडी रिकामी. टेम्पो भरून सगळे दादरला गेलेत, काकाही. आई गुडघ्यामुळे गेली नाही. दुपारी विहारात आम्ही दोघांनीच मेणबत्ती लावली.

परत येताना तिला म्हणालो, "आई, मी सीए नाही."

"ठावं हाय."

"कधीपासून?"

"पुन्यासनं आलास तेव्हा तुझ्या पिशवीत एक वही नव्हती रे. चादरी हुत्या." थोडं चालून म्हणाली, "मी पन बोलले नाय. बायका मला 'सीएची आई' म्हनायच्या. बरं वाटायचं."



७ डिसें., रवि.
संध्याकाळची वंदना झाली. दादरहून आलेली माणसं, डोळे तारवटलेले, तरी बरेच जमले होते. लोक उठायच्या आत उभा राहिलो. पाठ केलं होतं, ते आठवलं नाही. असंच बोललो. फक्त पहिली परीक्षा पास आहे. सीए नाही. बी.कॉम. पण नाही. ऑगस्टात अस्मिताबद्दल बोललो ते न विचारता, न बघता बोललो. तिला मिळतंय त्या कामाला सीए लागत नाही, बी.कॉम. पुरतं.

मग दाराजवळ नेहमी बसणारे म्हातारे बाबा म्हणाले, "म्हंजे सीए हुतास तवा म्हनलास सीए पायजे. आता सीए नायस, तर म्हनतोस नको. आमी कुठला धरायचा?"

हसले लोक. वाईट नाही हसले, पण हसले. आणि बरोबरच होतं त्यांचं. माझं खोटं चाललं ते त्या दोन अक्षरांवर. अक्षरं काढली तर खऱ्याला टेकायला काही राहिलं नाही.

"मला धरू नका," म्हणालो. "इलियासभाईंना विचारा. तिथे काम करणाऱ्यांना विचारा. महाडात घरटी एक माणूस तिकडे आहे."

मंडळाचा अध्यक्ष म्हणाला, "आम्ही फ्लेक्स लावला तेव्हा तरी बोलायचंस. आमची पन इज्जत हाय ना रे." हे खरं आहे. त्याच्याकडे बघता आलं नाही.

सुरेशकाका उठले. चटई झाडली, गुंडाळली, कोपऱ्यात उभी केली. अस्मिता बायकांच्यात होती, तिने वर बघितलं नाही. बाहेर चपला घालताना काका शेजारीच होते. माझी एक चप्पल त्यांच्या पायाखाली आली होती. त्यांनी पाय उचलला, मी घेतली.

८ डिसें., सोम.
पार्सलला निघालो साडेसातला. काकांच्या अंगणावरून वाट आहे, दुसरी नाही. उडवीवरचा फ्लेक्स उलटा केलेला. पांढरी बाजू वर, चार कोपऱ्यांना नवे दगड. छापील बाजू आत, पेंढ्याला लागून.

काका म्हशीला सोडत होते. मी मान खाली घालून गाडी ढकलत नेत होतो, सुरू पण केली नव्हती.

"सुमेध."

थांबलो.

"ते शिक्के. डिग्रीवर मारायचे म्हनतात ते. मुंबईला जावं लागतं का, का हितनं होतं?"

अस्मिता दारात उभी होती. कामाला निघायची वेळ, खांद्याला पर्स, हातात नेहमीचा डबा. दुसऱ्या हातात प्लास्टिकची फाइल होती, की घरातलं कसलं बिल, इतक्या लांबून कळलं नाही.

तोंडात आलंच होतं. मुंबईलाच जावं लागतं, दोन दिवसांत होतं, माझ्या ओळखीचा एक आहे. सगळं वाक्य तयार.

"माहीत नाही, काका," म्हणालो.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हशीच्या पाठीवर थाप मारली आणि तिच्यामागे ओढ्याकडे गेले. हो नाही, ना नाही.

आज २२ पार्सलं. महाडची सगळी आधी उरकली, ट्रान्सपोर्टच्या ऑफिसचं एकही नव्हतं. बुधवारची फ्लाइट आहे. मधे फक्त उद्याचा दिवस.