तुझ्या हातच्या गोळ्या

प्रिय चिमे,

तुझं पार्सल परवा मिळालं. माशाच्या तेलाच्या कॅप्सूलची मोठी बाटली, ड जीवनसत्त्वाची छोटी, मॅग्नेशियम, हळदीचा अर्क, आणि ते पाण्यात ढवळून प्यायचं पीठ. झाकणं सगळी शाबूत. बाटल्यांवरच्या किमतींची बेरीज केली तर आपला महिन्याचा किराणा होतो, वर टपालाचे कमी पडलेले एकशे दहा पोस्टमनला द्यावे लागले. तक्रार नाही. आधी आकडा सांगितल्याशिवाय मला पुढचं लिहायला सुचत नाही, तुला ठाऊक आहे.

पार्सलाचे दिवस आले की तुझे बाबा दुकानाच्या दाराशीच घुटमळतात. पोस्टमन दिसला की कात्री खाली ठेवतात आणि मी बघतेय असं वाटलं की परत उचलतात. पहिल्या पार्सलात तो छापील कागद आला होता ना, म्हातारपणातले आजार कसे लांब ठेवावेत त्याचा, तो त्यांनी दुकानातल्या आरशाच्या कडेला चिकटवलाय. त्यातलं अक्षर न् अक्षर पाळतात. चहातली साखर गेली, तळलेलं गेलं, जेवल्यावर गल्लीच्या टोकापर्यंत फेरी, दिवे लवकर बंद. गिऱ्हाइकांनाही सोडत नाहीत. शेजारचे मास्तर पँट सैल करून घ्यायला आले, तर पोटाभोवती टेप धरूनच यांनी सुनावलं, मास्तर, कमी करायचं ते पोट, वाढवायची ती पँट नव्हे. मास्तर म्हणाले, मग शिलाई कसली घेणार? मी आत भाजी चिरत होते, हसूच फुटलं. बऱ्याच दिवसांनी हसले गं.

आता खरं ते लिहिते. डॉक्टरांनी दिलेल्या, रक्तातली साखर उतरवायच्या गोळ्या त्यांनी बंद केल्यात. तुझ्या बाटल्या यायला लागल्या तेव्हापासून. मला पत्ताच नव्हता. चिंध्यांचं पोतं झाडत होते तर तळाशी न फोडलेली पाकिटं निघाली, एकावर एक नीट रचलेली. विचारलं तर म्हणाले, एका पोटाला दोन डॉक्टर कशाला, माझं बघायला माणूस आहे. मी भांडले, रडले, देवापुढे बसवून शपथ घालायला निघाले. ते आपले पायाने मशीन मारत राहिले.

त्याच पायाचं सांगायचंय. दुकानात जमिनीवर पडलेली टाचणी त्यांच्या टाचेत शिरली आणि त्यांना कळलं नाही. दुपारभर तसंच मशीन चालवलं. मी चहा घेऊन गेले तर मशीनचं पायडल ओलं, लाल. मी ओरडले तेव्हा त्यांनी खाली पाहिलं, कुणा परक्याचा पाय असावा तसं. जखम अजून सुकत नाही, कडा काळ्या पडायला लागल्यात. डॉक्टर म्हणाले, काकू, पाठवलेल्या बाटल्यांतलं काय ठेवायचं, काय नको ते मी बघतो, फेरी न् पथ्य चांगलंच आहे, पण ते सगळं गोळ्यांच्या जोडीला. साखर उतरवायचं काम त्यातलं कुणी करणार नाही. गोळ्या सुरू झाल्या नाहीत तर मला पाय वाचवता येणार नाही. शिंप्याचा पाय, चिमे. पुढच्या सोमवारी परत दाखवायला बोलावलंय, आणि मला त्या दिवसाची भीती वाटते.

मी काय काय केलं नाही! तुझ्या एका रिकाम्या बाटलीत डॉक्टरांच्या गोळ्या भरल्या आणि तिच्या जागी ठेवून दिली. देवाला आधीच सांगितलं, खोटं माझ्या माथी, गुण त्यांना दे. त्यांनी एक गोळी तळहातावर घेतली, बोटाने उलटी केली. जन्मभर बटणं पारखलेला माणूस. ही तिची नाही, एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर टाकून दिली. आता सगळ्या बाटल्या मशीनच्या खणात असतात, किल्ली कमरेला.

फोनवर हे तुला सांगता येत नाही. दुकान आणि स्वयंपाकघर यांच्यात एक पडदा, बोललेलं सगळं त्यांना ऐकू जातं. तू 'बाबा कसे आहेत' विचारतेस, मी 'बरे आहेत' म्हणते, आणि तेवढ्या वेळात पलीकडे मशीन थांबलेलं असतं. फोन ठेवला की पुन्हा सुरू.

तू जावयांना घेऊन पहिल्यांदा घरी आलीस आणि बाबांपुढे पाण्याचा तांब्या धरलास, तेव्हा ते काय बोलले ते तूही विसरली नाहीस, मीही नाही. तुझ्या हातचं पाणीसुद्धा मला चालणार नाही, म्हणाले. तू तांब्या उंबऱ्यावर ठेवून गेलीस. त्यानंतर बाटल्या आल्या, माझ्या नावावर, आत चिठ्ठी कधी नाही. त्याबद्दल तुला बोल लावत नाही. पण तुझे बाबा प्रत्येक खोक्यावरचा पत्ता कात्रीने कापून घेतात आणि खडूच्या डबीत ठेवतात. नाव माझं असतं, अक्षर तुझं. तोंडाने ते शब्द परत घेणं त्यांना या जन्मी जमायचं नाही, म्हणून रोज सकाळी हात धुऊन तुझ्या गोळ्या गिळतात. तुझ्या हातचं सोडून त्यांना आता काहीच चालत नाही, आणि त्यापायीच ते माझ्या हातून चाललेत. म्हणून हात जोडते, आता बाटल्या नकोत. एका कागदावर तुझ्या अक्षरात लिही, बाबा, डॉक्टरांच्या गोळ्या घ्या. क्षमेचं काही लिहू नकोस, मनात नसेल तर प्रेमाचंही नको. फक्त या वेळी पाकिटावर माझं नाव घालू नकोस, त्यांचं घाल. सोमवारच्या आत पोचायला हवं गं, उलट टपाली पाठव.

तुझीच,
आई