शाळेपासून दहा मिनिटांवर

सोमवार, ता. ४

चि. बाईसाहेब हिला,

बाबाचे पोटभर आशीर्वाद. बढती मिळालेल्या मुलीला आता बाईसाहेबच म्हणायला हवं, नाहीतर तुझ्या नव्या शाखेतला शिपाई मला दारातून परत पाठवायचा. प्रवास ठीक झाला. तुझ्या आत्याकडे मुक्काम बरा चाललाय. गुडघ्यांमुळे तिला जिना उतरता येत नाही, त्यामुळे दिवसभर ती मला सापडते आणि मी तिला. साठ वर्षं झाली, भांडण अजून तेच चालू आहे.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू मध्येच बोलतेस आणि माझं वाक्य सांडतं. कागदावर मागे जाऊन बघता येतं.

तू सोपवलेलं घर शोधायचं काम आज सुरू केलं. माझ्या नातीची, आपल्या खारीची, नवी शाळा चालत दहा मिनिटांच्या आत, मोठा रस्ता ओलांडायला नको, इमारतीत लेकुरवाळी माणसं हवीत. जावईबापूंची बदली वर्षभर तरी होत नाही, तू सकाळी आठला बाहेर पडणार ती संध्याकाळी सातला येणार. मग साडेतीनला शाळेच्या फाटकाशी उभा राहणार कोण, तर हा बाबा. सगळं ध्यानात आहे, काळजी करू नकोस.

पाण्याच्या टाकीच्या थांब्यावर उतरून एक वस्ती पाहिली. चार मजली इमारत, तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या. माझी पद्धत तुला माहीत आहे. मी घर बघायला आत जात नाही, आधी जिन्याखाली जातो. एकतीस वर्षं विजेच्या मीटरची रीडिंगं घेतली. पाहुणा येणार म्हटलं की लोक बाहेरची खोली आवरतात, मीटरची पेटी कुणी आवरत नाही. या पेटीची काच फुटलेली होती, आठही मीटर धूळ खात पडलेले. दुपारी एकची वेळ, आणि आठातल्या सात मीटरचे दिवे जेमतेम लुकलुकत होते. म्हणजे वीज वापरायला दिवसा घरात कुणीच नसतं. उद्या खार जिन्यावर पडली तर हाक ऐकणारं कोण? खालचं दुकानही बंद. शाळा जवळ आहे खरी, पण वस्ती माझ्या मनातून उतरली. सवयीने आकडे वहीत टिपले आणि निघालो.

खारीला सांग, आजोबा तिच्यासाठी घर शोधतायत, उगाच हुंदडत नाहीयेत.

तुझा,
बाबा


गुरुवार, ता. ७

चि. बाईसाहेब हिला,

आशीर्वाद. आज एकदम मोहीम फत्ते! टाकीच्या पलीकडे, उतारावर, अशी वस्ती सापडली की मी आत्याला म्हटलं, आता तूसुद्धा गुडघे टाकून तिथे राहायला चल. आत्या नुसतं "हं" म्हणाली. तिला कौतुक करायचा पहिल्यापासून कंटाळा.

चारच्या सुमारास गेलो. पोरं नुकतीच शाळेतून आलेली, जिन्यात दप्तरं, कुणाचा तरी एकच बूट. मीटरपेटीत रिकाम्या खोल्यांचा एक सोडला तर बाकी सगळे दिवे नुसते नाचत होते. पंखे चालू, टीव्ही चालू, कुणीतरी दूध तापवतंय. असं मीटर बघितलं की मला त्या घरात जेवून आल्यासारखं वाटतं. इथेही तळमजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत. मोरी थोडी अंधारी आहे, पण खिडकीतून अंगण दिसतं. शाळा माझ्या पावलांनी नऊ मिनिटं.

खाली एक शिंपीणबाई मशीन घेऊन बसते. गोड बाई. मला बघून म्हणाली, "काका, परत आलात? बसा, पाणी घ्या." इथली माणसं पहिल्या भेटीतच जुन्या ओळखीचं बोलतात, हा आणखी एक चांगला गुण. तिची मुलगी खारीच्याच वयाची आहे.

मी म्हणतो, बढतीच्या जागेला होकार कळवून टाक. उत्तर द्यायला वीस तारखेची वाट कशाला बघायची? तुझ्या साहेबांना वाटेल तू कचरतेयस. उद्या शाळा सुटायच्या वेळी जाऊन एकदा रस्ता चालून बघतो, म्हणजे रंगीत तालीम होईल.

तुझा,
बाबा


शनिवार, ता. ९

माझ्या पोरी,

आशीर्वाद.

सकाळपासून तीन कागद फाडले. आत्याने स्वतः चहा आणून दिला, यावरून काय ते ओळख. तिला मी शपथ घातली आहे की तुला मीच सांगेन, तोवर तिने तोंड उघडायचं नाही. ती म्हणाली, "दुपारच्या टपालाच्या आत लिही, नाहीतर मी फोन लावते."

तर लिहितो. हवा बरी आहे. काल थोडा पाऊस झाला.

गुरुवारी रात्री जेवल्यावर वही काढली. दोन्ही वस्त्यांची तुलना करून तुला नीट तक्ता पाठवावा म्हटलं. सोमवारच्या पानावर आठ मीटरचे क्रमांक, गुरुवारच्या पानावर आठ मीटरचे क्रमांक. पहिला क्रमांक तोच होता. मला वाटलं, उतरवताना चूक झाली. दुसराही तोच. आठही तेच, त्याच क्रमाने. रीडिंगं तेवढी तीन दिवसांनी पुढे गेलेली. कुठे दहा युनिट, कुठे चौदा.

बाई, ती एकच इमारत होती. सोमवारी जी मला मसणवटीसारखी वाटली आणि गुरुवारी जिच्यावर मी जीव ओवाळून टाकला, ती एकच. एकदा थांब्याकडून गेलो आणि एकदा उताराकडून, वेळ वेगळी होती, असं मी आत्याला समजावलं. स्वतःला पण समजावलं. हसलोसुद्धा. आत्या हसली नाही. म्हणाली, "दादा, तू सोमवारी घर बघून आलास तेव्हा मला हेच घर सांगितलंस. मंगळवारी पुन्हा तिथेच जाऊन आलास. ते तू वहीत लिहिलंयस का?"

लिहिलेलं नाही. मंगळवारी मी कुठे होतो ते मला माहीत नाही.

तरी काल मी गेलो. हट्ट म्हण. साडेतीनला शाळेच्या फाटकाशी इतर आयाआजोबांत उभा राहिलो. घंटा झाली, पोरं सुटली, मी चालायला लागलो. नऊ मिनिटांचा रस्ता. औषधाच्या दुकानापर्यंत आलो हे आठवतं. पुढे एक भिंत आली, ती मी कधी पाहिलेली नव्हती. मागे फिरलो तर औषधाचं दुकान नाही. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांना पत्ते सांगितले गं. रस्ता चुकला म्हणून एवढं वाटलं नसतं.

पण मी हाताकडे बघितलं आणि हातात खार नव्हती.

मी तिचा हात सोडला, असं माझ्या मनाने घेतलं. मी हाका मारायला लागलो. येणाऱ्याजाणाऱ्याला धरून विचारत होतो, निळं दप्तर, दोन वेण्या, पुढचा दात पडलाय, बघितलीत का? लोकही बिचारे शोधायला लागले. दोन बायका आपल्या पोरांना घरी पाठवून माझ्याबरोबर गल्लीबोळ फिरल्या. कुणी शाळेत जाऊन पहारेकऱ्याला सांगून आलं. पाऊस पडायला लागला तेव्हा तर मी आणखी मोठ्याने हाका मारायला लागलो, पोर भिजेल म्हणून. खार तुझ्याजवळ आहे, चारशे कोसांवर, सुखरूप, हे मला कितीतरी वेळ आठवलंच नाही. शेवटी शिंपीणबाईने मला ओळखलं. तिने वहीच्या पहिल्या पानावरून आत्याचा नंबर लावला. फोनवरून आत्या सांगत होती, "दादा, खार तिच्या आईकडे आहे," आणि मी तिलाच ओरडत होतो की तुला काही कळत नाही.

त्या दोन बायकांची मला इतकी लाज वाटते की काय सांगू.

आता दुसरं सांगतो, ते याहून वाईट आहे. हे पहिल्यांदा झालेलं नाही. परीक्षेच्या आधी एकदा खारीला आणायला गेलो आणि आम्ही दीड तास उशिरा आलो. तू रागावलीस, मी म्हणालो, बदकं दाखवायला नेलं होतं. बदकं वगैरे काही नव्हती. मला घर सापडत नव्हतं. तिनेच मला आणलं. "आजोबा, इकडून," म्हणत माझं बोट धरून ओढत होती. आणि आईला सांगायचं नाही, असं मी तिला बजावलं. सात वर्षांच्या पोरीला. ती अजून बोललेली नाही ना? बघ. तिला सांग, आजोबांनी परवानगी दिली आहे, आता सांगितलं तरी चालेल.

तेव्हाच तुला सांगायला हवं होतं. पण त्याच आठवड्यात तुझ्या बढतीचा कागद आला. तू स्वयंपाकघरात उभी राहून तो मला मोठ्याने वाचून दाखवलास, आणि मला वाटलं, निदान वर्षभर तरी आपण ओढून नेऊ. वर्षभराचाच तर प्रश्न आहे. नव्या ठिकाणी कदाचित नीट होईल, असंही वाटलं. किती मूर्खपणा, तुला कळतंच आहे.

वीस तारखेला उत्तर द्यायचंय. मी नाही म्हटलं की साडेतीनला फाटकाशी कुणी नाही. मग तू नकार कळवणार, आणि तो माझ्यामुळे. तू होकार दिलास, तर खारीला कोण सांभाळेल, आणि मला कोण, हे मला सुचत नाही. लहानपणी तू वही घेऊन यायचीस आणि मी काहीतरी उत्तर काढून द्यायचो. सकाळपासून या कागदापुढे बसलोय. उत्तर येत नाही, पोरी. वस्ती चांगली आहे एवढं मात्र खरं. ते मी दोनदा पाहून सांगतोय.

माझं तिकीट पुढच्या रविवारचं आहे. आत्या म्हणते, शेजाऱ्याला सांगून गाडीत बसवून देते. बसवून देईल गं, पण उतरायचं मलाच आहे ना.

मला न्यायला ये. तोवर मी घरातच आहे, कुठेही जात नाही.

बाबा