कॉम्प्युटरचं कपाळ

कंधार

दयानंद भाऊजी यांस, यशोदा वहिनीचा नमस्कार. शीलाची पाठ आणि तुमचा गुडघा दोन्ही चालते असतील असं धरते. (फोन केला नाही, कारण फोनवर तुम्ही मला बोलूच देत नाही.)

तर खंडेनवमीच्या सकाळी मी अंगण झाडलं, भाकरी टाकल्या, आणि विळी, कोयता, शिलाई मशीन पुसून ओळीनं मांडलं. पूजा तुमचे दादा करायचे. ते गेल्यावरची ही पहिलीच. विळीला कुंकू कुठे लावायचं ते ठाऊक होतं, पण कॉम्प्युटरच्या डब्याचं कपाळ कोणतं? शेवटी रोज जिथे बोट ठेवलं की तो जागा होतो, तेच कपाळ असं ठरवलं आणि ओलं कुंकू चांगलं दाबून लावलं.

दसऱ्याच्या दिवशी डबा चालू होईना. निवृत्तीनंतर दादा त्यात रोज एक पान टाईप करून ठेवायचे हे तुम्हाला माहीतच आहे. बोअरची मोटार कधी जळाली, कोण आलं, कोण न जेवता गेलं, असलंच सगळं. मी रोज सकाळी त्यातलं एक पान वाचते. (शाळेत गेले नाही, दुकानांच्या पाट्या वाचत शिकले, म्हणून त्यांनी अक्षरं पाटीएवढी ठेवली होती.) डबा बंद म्हणजे पान बंद.

मोबाईल दुकानातल्या सुदर्शनला फोन लावला. "काकू, लाईट हाय का?" म्हणे. "हाय." "बोर्डात येऊन राहिली का बघा की." ते बघायला मी मिक्सर आणून त्याच बोर्डाला लावला. झकास फिरला, म्हणून शेंगदाण्याची चटणीही तिथंच वाटून घेतली. मग मागची पिन काढून, फुंकर घालून परत बसवली. "बटन नीट दाबता का?" "हाव," म्हटलं. (दाबत होते, पण कडेकडेनं, नखाच्या टोकानं. लावलेलं कुंकू माझ्या हातानं पुसवेना.)

चटणीच्या वासानं शेजारच्या पार्वतीबाई आल्या. म्हणाल्या, "तुमच्या हातानं कुंकू लावलं व्हय? मंग कसं चालंल ते?" मी म्हटलं, "बाई, त्याला काय ठावं मी कोण हाय ते!" त्या वाटीभर चटणी घेऊन गेल्या. मी मात्र बराच वेळ माझ्या हाताकडे बघत बसले.

आज नऊ दिवस झाले. तेव्हा रविवारी तुमच्या पुनमसाठी कॉम्प्युटर न्यायला टेम्पो आणणार होतात, तो सांगू नका. डबा कामातून गेला आहे.

तुमची वहिनी,
यशोदा

ता.क. पाकीट चिकटवायच्या आत सुदर्शन आला. बघताक्षणी म्हणाला, "काकू, बटनावर काय थापलं हे? वाळून आत अडकून बसलंय. पुसायचं नाही का?" मी म्हटलं, "ते मला सांगू नको. तूच पूस." त्यानं कान कोरायच्या कापसाच्या काडीनं पुसलं. डबा चालू झाला. एवढं लांबलचक परत लिहायचा कंटाळा, म्हणून वरचं तसंच ठेवते.

ता.क. दुसरा. तरीही टेम्पो आणू नका. खरं तर पत्र त्यासाठीच लिहायला घेतलं होतं, बंद डब्याचं आयतं निमित्त मिळालं होतं. पानं पेनड्राईव्हमध्ये घेता येतात असं सुदर्शन म्हणतो. येत असतील. मला ती त्यांच्याच खुर्चीत बसून, त्यांच्याच पडद्यावर वाचायची आहेत. पुनमला नवा घ्या. शेवटचं पान झालं की मीच फोन करीन, आणि त्या दिवशी तुम्ही मला बोलू द्या.

ता.क. तिसरा. काल पत्र टाकायचं राहिलं. नऊ दिवसांची राहिलेली नऊ पानं वाचत बसले, आणि पत्र टाकायला घरात दुसरं कोणी नव्हतं. आज सकाळी मी पुन्हा एकच वाचलं.